मापसाहेबांच्या गाडीचं दुखणं

सगळं नीट पार पडलं म्हणून आता हसता येतं. पण सोसायटीच्या फाटकातून डावीकडे वळताना मापसाहेबांच्या गाडीने पहिल्यांदा ‘धडाक्’ असा आवाज काढला, तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. आवाज पोटातून आला होता. गाडीच्याच पोटातून, पण मापसाहेबांना तो आपल्या पोटातून आल्यासारखा वाटला आणि त्यांनी नकळत शर्टावरून हात फिरवला.

मापसाहेब हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानातला तराजू, पेट्रोलपंपाचं मीटर, कापडवाल्याची पट्टी, सगळं खरं बोलतंय की नाही हे तपासणं हे त्यांचं काम आणि खोटं बोलणारं वजन सापडलं की ते जप्त करणं हा त्यांचा आनंद. या कामापायी आडबाजूची दुकानं पालथी घालत त्यांची ती उंच, अवजड, चारही चाकांना सतत जोर देणारी गाडी इतकी फिरली होती, की चंद्र गाठायला थोडंच अंतर उरलं असावं. त्यांचे साडू दर दोन-तीन वर्षांनी गाडी बदलायचे. मापसाहेबांनी फक्त गाडीखालचा रस्ता बदलला.

एरवी गाडी कुरकुरली असती तर ते एवढे घाबरले नसते. म्हातारी गाडी, कुरकुरणारच. पण त्याच आठवड्यात त्यांच्या आईने होकार दिला होता.

आई घाटापलीकडे दोन खोल्यांत एकटी राहायची. आख्खी नोकरी तिने टेलिफोन ऑपरेटर म्हणून केली. लोकांचे फोन जोडले, तोडले, आणि स्वतः फोनवर कमीत कमी बोलायची सवय लावून घेतली. ‘आमच्याकडे राहायला ये’ असं मापसाहेब तिला वर्षानुवर्षं सांगत आले होते आणि ती वर्षानुवर्षं ‘बघू’ म्हणत आली होती. मध्यंतरी ती न्हाणीघरात घसरून पडली, स्वतःच उठली, आणि ही बातमी मुलाला महिन्याभराने दिली, तीही विषय निघाला म्हणून. आणि मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

“येते मी राहायला,” ती म्हणाली. “पण तुझ्या गाडीतून. टॅक्सीने येतात ते पाहुणे. मला राहायला यायचंय. ठेवते.”

मापसाहेब रिसीव्हर हातात धरून बराच वेळ उभे होते. बायकोने मात्र एक क्षण वाया घालवला नाही. आतली खोली मापसाहेबांच्या जुन्या तराजूंनी, पितळी वजनांनी आणि कसल्या कसल्या मापट्यांनी भरलेली होती. ती तिने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत रिकामी करून पलंगाखाली, माळ्यावर आणि काही अंशी मापसाहेबांच्या कपड्यांच्या कपाटात कोंबली.

“अहो, रविवारीच जाऊन या,” ती म्हणाली. “आईंचा होकार आहे तो. दुधासारखा. लगेच वापरला नाही तर नासेल.”

आणि शनिवारी सकाळी फाटकाशी तो धडाक् झाला.

आवाजाला पहिले धावले ते बोटकाका. तळमजल्यावरचे हे गृहस्थ मालवाहू जहाजावर इंजिनीअर होते, आणि जगातलं प्रत्येक यंत्र म्हणजे थोडं लहान झालेलं जहाजच, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. त्यांच्याकडे सोसायटीचं सचिवपदही होतं. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, “क्लच.”

“पण काका, वळतानाच होतं. सरळ जाताना काही नाही.”

“सरळ जाताना कोणाचंच काही बिघडत नाही हो. समुद्रात बघा. बोट सरळ चालली असेल तोवर सगळे पत्ते खेळत असतात. क्लचच आहे.”

मापसाहेबांनी गाडी हळूहळू, शक्यतो उजवीकडे वा डावीकडे न वळता, मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत नेली. न वळता गॅरेजला जाता येत नाही हे त्यांना दुसऱ्याच चौकात कळलं. चौकाचौकात धडाक् होत होतं, आणि पायी जाणारी माणसं थांबून बघत होती. एका आजोबांनी तर रस्ता ओलांडायचाच बेत रद्द केला.

मिस्त्री चांगला माणूस होता, त्याच्याबद्दल तक्रार नाही. एवढंच की कुठलंही दुखणं ऐकलं की तो आधी मान डोलवायचा, मग खेदाने हसायचा, आणि मग गाडीखाली शिरायचा. खालून बोलायचा. त्यामुळे त्याचं प्रत्येक बोलणं गाडीच बोलतेय असं वाटे.

“क्लचप्लेट गेलीच आहे, साहेब,” गाडी म्हणाली. “गिअर ऑइलही काळं आहे. बाकी चाकंबिकंही काढून बघू का?”

इथे मापसाहेब ताठ झाले. चाकांबद्दल त्यांना कोणी काही सांगावं हे त्यांना खपत नसे. कुठलीही वस्तू पुरती झिजल्याशिवाय फेकायची नाही, हा त्यांच्या घरचा कायदा होता. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवली जाई, टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने उभी चिरली जाई, आणि टायरच्या बाबतीत तर त्यांनी एक शास्त्रच बनवलं होतं: जो टायर मरेल त्याच्याच जागी नवा आणायचा, उरलेल्या तिघांनी मरेपर्यंत काम करायचं. मग तो नवा कधी दुकानातून येई, कधी साडूंच्या जुन्या गाडीचा असे, कधी भंगारवाल्याकडे ‘जवळजवळ त्याच मापाचा’ मिळे. गाडीची चारही चाकं एकाच वेळी कधी नवी नव्हती आणि कधी जुनीही नव्हती. मापसाहेबांना या गोष्टीचा विलक्षण अभिमान होता.

“चाकांना हात लावायचा नाही,” ते म्हणाले. “ते खातं माझ्याकडे आहे.”

मिस्त्री खालून खेदाने हसल्याचा आवाज आला. साहेबांचं खातं म्हटल्यावर तो तरी काय बोलणार.

क्लच बदलला गेला. गाडी परत आली. नवा क्लच इतका हलका होता की मापसाहेबांचा जुन्या सवयीचा पाय त्याच्यावर बदकन पडायचा आणि गाडी दचकून बंद व्हायची. पण चालू झाली की वळायची, आणि वळली की धडाक्. शिवाय आता आवाज आधीपेक्षा खणखणीत येत होता.

त्या संध्याकाळी त्यांनी आईला फोन केला.

“बोला,” आई म्हणाली. मुलगा असला तरी ती ‘बोला’च म्हणायची.

“आई, अगं, हा रविवार जमत नाही. क्लच बदलला, पण आवाज तसाच आहे.”

“बरं. राहू दे मग,” आई म्हणाली. “ठेवते.”

“काय म्हणाल्या?” बायकोने विचारलं.

“राहू दे म्हणाली.”

“बघा!” बायको म्हणाली. “नासायला लागलं.”

मग डॉक्टर आले. दुसऱ्या मजल्यावरचे हे कान-नाक-घशाचे डॉक्टर रिटायर झाल्यापासून त्यांच्या कानांना काही काम उरलं नव्हतं. “यंत्र असो की माणूस, आधी ऐकावं लागतं,” असं म्हणत ते स्टेथोस्कोप घेऊनच खाली उतरले. पार्किंगमध्ये जुनी चादर अंथरली, डॉक्टर तिच्यावर आडवे झाले आणि सरपटत गाडीखाली गेले. मापसाहेब वर बसून इंजिन चालू ठेवत होते. बोटकाका शेजारी उभं राहून जहाजावर हे काम कसं करतात ते सांगत होते. बाल्कन्यांमधून माणसं वाकून बघत होती आणि चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर भाजी निवडायची परातच कठड्यावर आणून ठेवली होती.

“खोकायला लावा!” डॉक्टर खालून ओरडले.

मापसाहेबांनी ॲक्सिलरेटर दाबला.

“पुन्हा! आता लांब श्वास!”

या सूचनेचं काय करायचं ते मापसाहेबांना कळेना. त्यांनी घाबरून स्वतःच लांब श्वास घेतला. एवढ्यात गाडीखालून ‘आई गं’ असं ऐकू आलं, कारण सायलेन्सर तापतो हे डॉक्टरांच्या अभ्यासक्रमात नव्हतं. ते कोपर चोळत बाहेर आले आणि गंभीरपणे म्हणाले, “घरघर आहे. पण घशात नाही. खोल आहे. छातीत.”

छाती म्हणजे काय यावर बराच ऊहापोह होऊन शेवटी छाती म्हणजे इंजिनाचे रबरी पाय, ज्यांना मिस्त्री ‘फाउंडेशन’ म्हणतो, असं ठरलं. ते बदलले. गाडी आता उभी असताना मुळीच थरथरत नव्हती. त्यामुळे तिचा वळतानाचा धडाक् अधिक उठून दिसू लागला, एवढाच काय तो फरक.

मापसाहेबांनी फोन केला. “आई, आता फाउंडेशन बदललंय, पण—”

“बरं. राहू दे. ठेवते.”

एव्हाना गाडीखाली तेलाचे डाग पडू लागले होते. एका सकाळी गाडीच्या काचेवर सोसायटीची नोटीस लागली: सभासदाने सामाईक जागेत तेल सांडून इतर सभासदांची गैरसोय केली आहे, त्वरित बंदोबस्त करावा. खाली सही बोटकाकांची. संध्याकाळी बोटकाका स्वतः भुसा घेऊन आले, डागावर पसरला आणि आपुलकीने म्हणाले, “गळती बरी दिसत नाही हो. लक्ष घाला.”

“काका, सकाळी तुम्हीच नोटीस लावलीत ना?”

“ती सचिवाने लावली,” बोटकाका म्हणाले. “आत्ता मी शेजारी म्हणून आलोय. सचिवाला मीही घाबरतो.”

मापसाहेबांनी मूग गिळून गप्प बसायचं ठरवलं. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांना नोटिसा दिल्या होत्या. नोटीस घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर नेमकं काय येतं, हे मात्र त्यांनी त्या दिवशी गाडीच्या काचेत पहिल्यांदाच पाहिलं.

पण खरा अपमान पुढे होता. एवढ्या जुन्या गाडीला रस्त्यावर राहायचं तर सरकारी तपासणी करून योग्य असल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि मापसाहेबांच्या दाखल्याची मुदत नेमकी संपत आली होती. दाखल्याशिवाय घाटाखालच्या चौकीतून गाडी पुढे सोडत नाहीत. तेव्हा आईला आणायचं तर आधी दाखला हवा. मापसाहेब निश्चिंत होते. निरीक्षकाची गाडी तपासणार निरीक्षकच. घरचंच काम, असं त्यांना वाटलं.

वाहन निरीक्षक तरुण होता आणि अतिशय नम्र होता. मापसाहेबांच्या मते हीच वाईट खूण होती, कारण स्वतः ते एखाद्याचा तराजू जप्त करायच्या आधी असेच नम्र व्हायचे. त्याने दिवे बघितले, हॉर्न वाजवला, ब्रेक दाबले आणि मग मैदानात इंग्रजी आठच्या आकड्यात गाडी फिरवायला सांगितली.

आठचा आकडा म्हणजे नुसती वळणंच. मापसाहेबांनी देवाचं नाव घेतलं आणि स्टिअरिंग वळवलं. धडाक्. धडडड. धडाक्. मधल्या चौफुलीवर तर गाडीने असा हिसका दिला की तिथला एक प्लॅस्टिकचा खांब आपणहून आडवा झाला. रांगेतल्या रिक्षावाल्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या कुचेष्टेने नव्हत्या, हे नंतर एकाने खास येऊन सांगितलं, आणि त्यामुळे तर ते आणखीच लागलं.

“साहेब, नापास करावी लागेल,” निरीक्षक म्हणाला. “वळताना अडखळते.”

“मीही निरीक्षकच आहे,” मापसाहेब म्हणाले. हे वाक्य ते खिशात घेऊनच आले होते.

“म्हणूनच तुम्हाला समजेल,” तो नम्रपणे म्हणाला.

आणि खरंच समजलं. तेच तर दुःख होतं.

आता मिस्त्रीने शेवटचा उपाय सांगितला. गिअरबॉक्स उतरवायचा, उघडायचा, आणि त्याच्यामागची ती चारही चाकांना जोर वाटून देणारी पेटीही उघडायची. सुटे भाग बाहेरून मागवावे लागतील. महिना लागेल, दोनही लागतील. जुनी गाडी, काही सांगता येत नाही. मापसाहेबांनी फोन केला, आणि यावेळी आईने ‘बोला’सुद्धा म्हटलं नाही.

“आई, गिअरबॉक्स उतरवावा लागतोय. महिनाभर तरी. तू दुसऱ्या कुठल्या गाडीने—”

“नको,” आई म्हणाली. “हे बघ, उगाच एवढी कटकट करू नकोस. मी इथे बरी आहे. राहू दे आता. विषय संपला.”

यावेळी ती ‘ठेवते’ असंही म्हणाली नाही.

बायकोने रिकामी केलेल्या खोलीत त्या दिवशी मापसाहेब एकटेच बसून राहिले. पलंगावर नवी चादर घातलेली होती, खिडकीपाशी खुर्ची ठेवली होती, न्हाणीघराच्या भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला होता. त्यांना रडू आलं, आणि ते आलं हे सांगायला लाजायचं कारण नाही. एवढी वर्षं मागे लागून मिळवलेला होकार एका लोखंडी डबड्यापायी हातचा चालला होता.

दुसऱ्या दिवशी ते गॅरेजमध्ये गेले ते केवळ उत्तरक्रियेला हजर राहावं म्हणून. मिस्त्रीने गाडी चार ठोकळ्यांवर चढवली होती. गिअरबॉक्स काढायचा म्हणून चाकं उतरवून भिंतीला ओळीने उभी केली होती. मिस्त्री गाडीखाली पाना फिरवत होता. मापसाहेब समोरच्या स्टुलावर हताश बसले आणि भिंतीकडे बघत राहिले.

आता माणूस कितीही दुःखात असला तरी हाडात मुरलेली नोकरी जात नाही. चार वस्तू ओळीने ठेवलेल्या दिसल्या की त्यांचे माथे एका रेषेत आहेत का, हे मापसाहेबांचे डोळे आपोआप बघायचे. काचेच्या बरण्या असोत, वजनं असोत, लग्नाच्या फोटोतले पाहुणे असोत. इथेही डोळे डावीकडून उजवीकडे गेले. मग परत आले. मग पुन्हा गेले. मापसाहेब स्टुलावरून उठले.

“दोरी आहे का हो?” त्यांनी विचारलं.

“कशाला?” गाडी म्हणाली.

“द्या तर खरी.”

त्यांनी पहिल्या टायरभोवती दोरी गुंडाळली, जिथे टोक आलं तिथे गाठ मारली. तीच दोरी दुसऱ्याला लावली. दोरी गाठीपर्यंत बोटभर कमी पडली. तिसऱ्याला जवळपास बरोबर. चौथा, तो भंगारवाल्याकडचा ‘जवळजवळ त्याच मापाचा’, त्याला तर दोरी सैल होऊन लोंबायला लागली. मापसाहेबांनी पुन्हा मापलं. मग चष्मा पुसून पुन्हा मापलं. त्यांच्या कपाळावर घाम आला.

“मिस्त्री,” ते हळू आवाजात म्हणाले, “चारही चाकांना सतत जोर देणाऱ्या गाडीची चारही चाकं जर वेगवेगळ्या मापाची असली, तर काय होतं?”

पाना थांबला. मिस्त्री गाडीखालून बाहेर आला, आणि यावेळी मान न डोलवता सरळ चाकांकडे गेला. त्याने दोरी बघितली, चाकं बघितली आणि कपाळाला हात लावला.

“अहो, प्रत्येक चाक वेगळं फिरणार. त्या पेटीला चौघंही चार बाजूंना खेचणार. वळताना तर विचारूच नका. मी होतो गाडीखाली, तेलातच शोधत राहिलो.” त्याने चौथं चाक हलवून बघितलं. “चार जातीचे चार टायर! कोणी बसवले हे?”

मापसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. दुसरं कोणीही नव्हतं.

“मी,” ते म्हणाले.

मिस्त्रीने मान फिरवून पाना पुसायला घेतला. हा त्याचा मोठेपणा. मापसाहेबांनी मात्र हयातभर दुकानदारांना ऐकवलेलं भाषण मनातल्या मनात स्वतःला संपूर्ण ऐकवलं, कलमासकट. खोटी मापं वापरणं, जाणूनबुजून वापरणं, आणि वर त्याचा अभिमान बाळगणं. मग त्यांनी त्या चार चाकांकडे बोट दाखवलं आणि सवयीने म्हणाले, “जप्त करा.”

बायकोला फोन केला तेव्हा ती एवढी हसली की शेजारच्या बाई काय झालं म्हणून विचारायला आल्या. हसणं आवरल्यावर ती स्वतः टायरच्या दुकानात येऊन उभी राहिली, कारण नवऱ्याला ती ओळखून होती.

“चार एकदम?” मापसाहेब दुकानात कुजबुजले. “त्यातला तिसरा तसा बरा होता. म्हणजे तीन घेतले तर—”

“अहो,” बायको म्हणाली.

मापसाहेबांनी चार घेतले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी एका जातीच्या चार नव्या वस्तू एकदम विकत घेतल्या होत्या, आणि त्यांना थोडं गरगरलं. मिस्त्रीने ती पेटी उघडून पाहिली. आतली साखळी ताणली गेली होती, पण तुटलेली नव्हती. त्याने गळणारं सील बदललं, तेल बदललं, सगळं परत चढवलं. गॅरेजच्या फाटकातून मापसाहेबांनी गाडी डावीकडे वळवली तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, जे नियमाला धरून नव्हतं. काहीही झालं नाही. ते चौकात गेले, उजवीकडे वळले, मागे फिरले, पुन्हा वळले. शेवटी चौकाला त्यांनी इतके फेरे मारले की वाहतूक पोलिसाने हात करून थांबवलं आणि काही हरवलंय का विचारलं.

“सापडलं,” मापसाहेब म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला होता.

मैदानात आठचा आकडा त्यांनी अशा ऐटीत काढला की वाहन निरीक्षकाने दुसऱ्यांदा काढायला सांगितला, तपासणी म्हणून नव्हे, बघायला बरं वाटलं म्हणून. दाखला हातात आला. बोटकाकांनी ‘मी म्हटलं होतं’ असं म्हटलं. नेमकं काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही. डॉक्टरांनी टायरनाही पाय म्हणता येईल, आणि पाय हा आपला विषय नव्हता, असा खुलासा केला.

आईला मात्र मापसाहेबांनी फोन केला नाही. फोन केला की ‘राहू दे’ ऐकू येणार, आणि ते पुन्हा ऐकायची त्यांच्यात ताकद नव्हती. त्यांनी ठरवलं की सरळ जाऊन दारात उभं राहायचं. नाही म्हणाली तर पाया पडायचं, भांडायचं, उपाशी राहायचं. सकाळी लवकर ते एकटेच निघाले. घाटातलं प्रत्येक नागमोडी वळण आलं की त्यांचे कान टवकारायचे, आणि प्रत्येक वळण गाडी मुकाट्याने घ्यायची. पण गाडी जितकी शांत चालत होती, तितके मापसाहेब बेचैन होत होते. गाडीचं निदान झालं होतं. आईचं कुठे झालं होतं?

दार उघडंच होतं. मापसाहेब आत गेले आणि जागीच थबकले.

खोली रिकामी होती. पडदे उतरवलेले, भिंतीवरचं घड्याळ काढलेलं, स्वयंपाकाच्या ओट्यावर शेगडी नाही, एक पेलासुद्धा नाही. शिवणयंत्र जुन्या चादरीत बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं. भिंतीशी दोन ट्रंका होत्या, आणि दोरीने घट्ट आवळलेल्या वळकटीवर आई बसली होती. हातात पर्स होती.

“आई,” मापसाहेब म्हणाले, “हे कधी बांधलंस?”

“तुला फोन केला ना, येते म्हणून? त्याच्या दुसऱ्या दिवशी.”

“आणि शेगडी?”

“शेजारच्या मुलीला देऊन टाकली. तिच्याकडेच जेवते.”

“मग फोनवर दर वेळी राहू दे, राहू दे काय म्हणत होतीस?”

आईने पर्सचा पट्टा सरळ केला. ती बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, फक्त मध्ये एकदा अडकला.

“आख्खी नोकरी मी लोकांचे फोन जोडले, बाळा. यायचं नसलं की माणूस काय काय सांगतो, ते सगळं माझ्या कानावरून गेलंय. तू आधी क्लच म्हणालास. मग ते फाउंडेशन. मग गिअरबॉक्स. दर वेळी एक नवं. मला वाटलं, तिकडे काही अडचण असेल, आणि तुला तोंडाने सांगवत नसेल. मुलाला कशाला अवघडवायचं? म्हणून मीच म्हणत होते राहू दे. तुला सोपं जावं म्हणून.”

मापसाहेब त्या वळकटीवर, आईशेजारी, असेल तेवढ्या जागेत बसले. “अगं, खरंच क्लच होता गं,” ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. “म्हणजे क्लच नव्हता. टायर होते. माझेच टायर. मी मूर्ख आहे. पण तू मला घरी हवी आहेस. तुझ्या सुनेलाही हवी आहेस. तुझी खोली केव्हाची तयार आहे.”

इतकं सरळ ते आईशी कधीच बोलले नव्हते. आईने त्यांच्याकडे नीट पाहिलं, एखाद्या लांबच्या फोनवरचा आवाज खरा की खोटा पाहावं तसं. मग तिने पर्समधून रुमाल काढून त्यांच्या हातात दिला.

“टायर होते ना? मग झालं तर,” ती म्हणाली. “पुस ते. आणि ट्रंक दोन्ही हातांनी उचल, कंबर धरेल.”

सामान चढलं. शेजारची मुलगी निरोप द्यायला आली, रडली, आईने तिला शेगडीची आच कशी कमीजास्त करायची ते पुन्हा सांगितलं. गाडीची पायरी उंच होती. मापसाहेबांनी हात दिला आणि आईने तो घट्ट धरला. सीटवर टेकताच तिने एवढा मोठा सुस्कारा सोडला की मापसाहेबांना इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कळलं, ती किती दमली आहे. रिकाम्या घरात, बांधलेल्या सामानापाशी, ती किती रात्री नीट झोपली नसेल कोण जाणे.

पहिल्या वळणाला तिने विचारलं, “आवाज येतो म्हणत होतास, तो कुठला?”

“गेला,” मापसाहेब म्हणाले.

“बरं झालं,” आई म्हणाली. दुसरं वळण येईपर्यंत तिचे डोळे मिटले होते, आणि तिसऱ्या वळणावर तिचं डोकं अलगद खिडकीला टेकलं. ती तोंड किंचित उघडं टाकून झोपली होती. मापसाहेबांनी वेग कमी केला. मागून एक ट्रकवाला भोंगा वाजवत होता, त्याला त्यांनी हाताने पुढे जायची खूण केली. समोर म्हशी आल्या, त्या जाईपर्यंत ते गुपचूप थांबले. शहर आलं, चौक आले, गर्दी आली. घरापर्यंत त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही.